राखीव प्रत: ऐकून घ्यायची, ऐकून तपासायची

आमच्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात. लहानपणापासून त्यांना दिसत नाही. शिक्षण ब्रेलमध्ये झाले, पुढे संगणक शिकले, आणि आता त्यांचे सगळे लिखाण संगणकावरच असते: धड्यांची टिपणे, घटकचाचण्यांचे प्रश्न, मुलांचे गुण, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून उतरवलेल्या जुन्या आठवणी. इथे आपण त्यांना नुसते 'सर' म्हणू.

एका सोमवारी सकाळी सरांच्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. सर घाबरले नाहीत, कारण भाच्याने मागेच बॅकअपचे एक सॉफ्टवेअर बसवून दिले होते. दर रविवारी रात्री सगळ्या फाईलींची राखीव प्रत बाहेरच्या डिस्कवर आपोआप जाते, अशी त्यांची समजूत होती. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली, तर शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळात कधीतरी डिस्क संगणकाच्या दुसऱ्या खाचेत जोडली गेली होती. तेवढ्याने तिचे अक्षर बदलले आणि सॉफ्टवेअरला ती सापडेनाशी झाली. सॉफ्टवेअरने ते लपवले नव्हते. दर रविवारी पडद्यावर लाल पट्टी येत होती. पण ती पट्टी म्हणजे एक चित्र होते, आणि चित्राला आवाज नसतो.

सरांनी आम्हाला हे सांगितले तेव्हा आमच्या मनात पहिला प्रश्न आला, आणि तो आम्ही विचारलाही: "आठवड्यातून एकदा कोणाला तरी पाहायला सांगायचे ना?" सर म्हणाले, "माझ्या फाईलींत पुढच्या महिन्याची प्रश्नपत्रिका असते, मुलांचे गुण असतात, माझी बँकेची कागदपत्रे असतात. तुम्ही तुमच्या कपाटाची किल्ली दर रविवारी कोणाकडे देता?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्यातूनच झाला. राखीव प्रत कशी घ्यावी हे आपल्यालाही नीट कळलेले नसते. ती डोळ्यांशिवाय घ्यायची म्हटली की नेमके काय कळायला हवे, याचा विचार करावा लागतो. तो विचार सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे.

पडदा वाचला जातो म्हणजे काय होते?

अंध व्यक्तीच्या संगणकात स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक, नावाचे सॉफ्टवेअर असते. पडद्यावर जे आहे ते तो बोलून दाखवतो. पण त्याला तरी पडदा कुठे 'दिसतो'?

डॉसच्या काळात काम सोपे होते. तेव्हा पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी, एकूण २००० घरे. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे याची नोंद संगणकाच्या स्मृतीत एका ठरावीक जागी असे. पडदावाचकाने ती नोंद वाचायची आणि बोलायची. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी १९८० च्या दशकात असा पडदावाचक तयार केला. त्यांचे सहकारी जेसी राइट स्वतः अंध होते. १९८९ मध्ये अमेरिकेत टेड हेंटर यांचा 'जॉज' आला. हेंटर मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे अभियंते होते. १९७८ मध्ये अपघातात त्यांची दृष्टी गेली होती.

मग विंडोज आले आणि पंचाईत झाली. पडद्यावर आता अक्षरे नव्हती, रंगाचे ठिपके होते. 'क' हे अक्षर आणि कचरापेटीचे चित्र, दोन्ही ठिपकेच. मग पडदावाचकांनी एक युक्ती केली. संगणक चित्र काढण्यासाठी ज्या सूचना देतो त्या मधल्यामध्ये ऐकायच्या आणि त्यांवरून पडद्याचा आराखडा आपल्याकडे तयार करायचा. ते काम किचकट होते आणि वारंवार चुके. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगळी व्यवस्था आणली. प्रत्येक सॉफ्टवेअरने आपल्या बटनांची, रकान्यांची, याद्यांची माहिती स्वतःहून सांगायची, आणि पडदावाचकाने ती विचारून घ्यायची. आजही थोड्याफार फरकाने हेच तत्त्व चालते.

ही माहिती मुख्यतः चार गोष्टींची असते: नाव, प्रकार, स्थिती आणि मूल्य. 'माझी टिपणे' हे नाव, 'खुणेचा चौकोन' हा प्रकार, 'खूण केलेली' ही स्थिती. सरकपट्टी असेल तर '४० टक्के' हे मूल्य. चारांपैकी एक जरी सॉफ्टवेअरने सांगितले नाही तरी ऐकणारा अडतो. बटन बनवणाऱ्याने त्यावर सुरेख ढाल काढली आणि नाव दिले नाही, तर ऐकू येते नुसते "बटन". अशी पाच बटने ओळीने असतील तर "बटन, बटन, बटन, बटन, बटन". यांतले एक 'प्रत घ्या' असते आणि एक 'प्रत पुसा'.

वर्गात हे करून पाहता येईल. एका मुलाला फळ्याकडे पाठ करून उभे करा. फळ्यावर चारपाच चौकोन काढा, काहींत खूण करा, काहींना नावे द्या, काहींत नुसती चित्रे काढा. दुसऱ्या मुलाने एकेका चौकोनाबद्दल फक्त चार गोष्टी सांगायच्या. जे लिहिलेले नाही ते सांगायचे नाही. पाठ केलेल्या मुलाने 'दोन नंबरच्या चौकोनावर खूण करा' अशा आज्ञा देऊन काम पुरे करायचे. दहा मिनिटांत मुलांना जे कळते ते आम्हाला इथे दोन पानांत सांगता येणार नाही.

अर्ध्या खुणेची गोष्ट

बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये चौथ्या-पाचव्या पडद्यावर फोल्डरांची यादी येते. कशाकशाची प्रत घ्यायची ते खुणा करून सांगायचे असते. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, अशी ही झाडासारखी यादी. तिच्यातल्या चौकोनांना दोन नव्हे, तीन स्थिती असतात: पूर्ण खूण, खूण नाही, आणि आतल्या काहींवर खूण आहे, काहींवर नाही अशी अर्धी खूण. पाहणाऱ्याला अर्धी खूण करड्या रंगाने किंवा आडव्या रेघेने लगेच कळते. सॉफ्टवेअर चांगले असेल तर पडदावाचकही "अंशतः निवडलेले" असे बोलतो. पण कित्येक ठिकाणी ही यादी लिहिणाऱ्याने स्वतः रंगवलेली असते, आणि तिसरी स्थिती सांगितलीच जात नाही. मग 'इयत्ता नववी' या फोल्डरावर खूण आहे असे वाटते, आणि आतला 'दुसरे सत्र' वगळला गेलेला असतो. दिसणाऱ्या माणसाकडूनही ही चूक होते, पण त्याला निदान पुन्हा नजर टाकून पाहता येते.

एखादे सॉफ्टवेअर पडदावाचकाबरोबर चालेल का, हे तपासायला फार ज्ञान लागत नाही. माऊस काढून ठेवा. विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल आणि विंडोज या कळा दाबून एंटर दाबा, म्हणजे नॅरेटर हा अंगचा पडदावाचक बोलू लागेल. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक उतरवून घेतला तर अधिक बरे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने तो लिहायला सुरुवात केली, जेम्स टे हे दुसरे अंध तरुण त्यात सामील झाले, आणि आज तो जगभर वापरला जातो. त्याच्याबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो. थोडा यंत्रमानवासारखा बोलतो खरा, पण सवय झाली की विलक्षण वेगाने ऐकता येतो. आता डोळे मिटून टॅब ही कळ दाबत सॉफ्टवेअरच्या पहिल्या पडद्यावरून फिरा. कोणत्या बटनावर आहोत ते कळते का? प्रत पुरी झाल्यावर काही ऐकू येते का? आणि मुद्दाम डिस्क काढून ठेवली तर तक्रार ऐकू येते का? शेवटचा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. सरांचे नुकसान तिथेच झाले होते.

काम किती झाले ते स्वरात

दिसणाऱ्यासाठी प्रगतीची हिरवी पट्टी भरत जाते. ऐकणाऱ्याला काय? दर टक्क्याला आकडा बोलला तर कान किटून जातील. एनव्हीडीएने यावर काढलेला उपाय आम्हाला फार आवडतो, आणि तो भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखा आहे. पट्टी पुढे सरकते तसा तो एकेक छोटा 'बीप' करतो आणि त्याची पट्टी चढवत नेतो. सुरुवात ११० हर्ट्झला. २५ टक्के झाले की २२०, ५० टक्क्यांना ४४०, ७५ ला ८८० आणि शेवटी १७६०. म्हणजे दर पाव कामाला एक सप्तक वर, पूर्ण कामाला चार सप्तके.

इथे एक प्रश्न मुलांना विचारावा: वारंवारता दर टक्क्याला सारख्याच हर्ट्झने का वाढवली नाही? हिशोब करू. ११० पासून १७६० पर्यंत १०० पायऱ्या, म्हणजे दर पायरीला १६.५ हर्ट्झ. पहिल्या पायरीला ११० चे १२६.५ होतात. ही १५ टक्क्यांची उडी झाली, षड्जावरून शुद्ध ऋषभाच्याही पुढे. शेवटच्या पायरीला मात्र वाढ एक टक्क्याहूनही कमी, जेमतेम जाणवणारी. आपल्या कानाला बेरीज कळत नाही, गुणोत्तर कळते. म्हणून प्रत्येक पायरीला सारख्याच गुणोत्तराने, सुमारे १.०२८ ने, गुणले आहे. त्यामुळे काम सारख्या वेगाने चालले असेल तर स्वरही सारख्या चालीने चढतो, आणि मध्येच अडले तर तान अडल्यासारखी वाटते. सर दुसऱ्या खोलीत चहा घेता घेता सांगतात, "अर्धे झाले."

अर्थात सॉफ्टवेअरने आपली प्रगतीपट्टी खरोखरीची प्रगतीपट्टी म्हणून जाहीर केलेली असेल तरच हे घडते. ती नुसती रंगवलेली असेल तर शांतता.

काळ्या पडद्याकडे परत

अपघातानंतर सरांनी चित्रमय सॉफ्टवेअरांचा नाद सोडला आणि जुन्या वळणावर गेले. विंडोजमध्ये आजही काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची सोय आहे, आणि २००७ च्या व्हिस्टापासून तीत रोबोकॉपी नावाची आज्ञा आपोआप मिळते. वेगळे काही विकत घ्यायला किंवा बसवायला लागत नाही. टंकायचे ते अक्षरांत, उत्तर येते तेही अक्षरांत. पडदावाचकाला याहून सोयीचे काय असणार? आज्ञेची रचना सोपी आहे: आधी रोबोकॉपी, मग प्रत कुठून घ्यायची तो फोल्डर, मग कुठे ठेवायची तो फोल्डर, शेवटी तिरकी रेघ देऊन ई हे रोमन अक्षर, म्हणजे आतले सगळे फोल्डरही जातात. फाईलचा आकार आणि बदलाची वेळ पाहून, जी फाईल बदललेली नाही ती रोबोकॉपी पुन्हा उतरवत नाही. पहिल्या दिवशी तास लागतो, पुढे मिनिट-दोन मिनिटे.

पण सोयीचे म्हणजे निर्धोक नव्हे. कामाच्या शेवटी रोबोकॉपी एक तक्ता दाखवते. त्यात फोल्डर, फाईली, बाइट आणि वेळ अशा ओळी, आणि एकूण, उतरवलेल्या, वगळलेल्या, न जुळलेल्या, अयशस्वी, जादा असे सहा रकाने. पाहणाऱ्याला रकान्याचे शीर्षक वर दिसते. ऐकणाऱ्याला एका दमात ऐकू येते: "फाईल्स, ४१२, १२, ४००, ०, ०, ०". रकान्यांचा क्रम पाठच असावा लागतो. सरांनी तो पाठ केला आहे, आणि पाचव्या आकड्यावर त्यांचे लक्ष असते. पाचवा आकडा शून्य नसेल तर काहीतरी राहिले.

दुसरी अडचण गमतीची आहे. एखादी फाईल उघडी असल्यामुळे उतरवता आली नाही, तर रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? वेगळे सांगितले नाही तर १० लाख वेळा! तीन कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३४७ दिवस. पाहणारा वैतागून ते बंद करतो. ऐकणाऱ्याला मात्र काम चालू आहे की अडले, हे शांततेवरून कळत नाही. म्हणून तिरक्या रेघेनंतर आर, अपूर्णविराम आणि २, तसेच डब्ल्यू, अपूर्णविराम आणि ५ लिहायचे. दोनदा प्रयत्न, पाच सेकंदांची वाट, मग पुढे.

तिसरी गोष्ट गमतीची मुळीच नाही. रोबोकॉपीला एम-आय-आर असा एक पर्याय देता येतो. तो दिला की प्रत ही मूळ फोल्डराचे तंतोतंत प्रतिबिंब होते, म्हणजे मुळात जे नाही ते प्रतीतूनही पुसले जाते. आता कल्पना करा, 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली आणि बाहेरची डिस्क रिकामी आहे. मूळ फोल्डर रिकामा होईल, तोही अगदी इमानेइतबारे. डिस्कचे अक्षर बदलले तरी असाच घोटाळा होऊ शकतो. नवशिक्याने या पर्यायाच्या वाटेला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या फाईली प्रतीत साचल्या तर साचू देत.

अक्षराच्या घोटाळ्यावर सरांनी दोन उपाय केले. डिस्कला त्यांनी एक नाव दिले. व्हीओएल ही तीन अक्षरांची आज्ञा देऊन ते आधी डिस्कचे नाव ऐकतात, मग पुढचे. आणि त्यांच्याकडे दोन डिस्का आहेत, हाताला अगदी सारख्या. एकीच्या वायरीला सुताची एक गाठ आहे, दुसरीला दोन. शिवाय कोणतीही नवी आज्ञा देताना ते तिरकी रेघ आणि एल जोडतात. मग रोबोकॉपी काय करणार आहे त्याची नुसती यादी देते, करत काही नाही. यादी फाईलीत उतरवून घ्यायची आणि नोटपॅडमध्ये ओळीओळीने सावकाश ऐकायची.

संगणकाच्या शिक्षकांना रुचेल अशी आणखी एक बाब. काम संपल्यावर रोबोकॉपी मागे एक संख्या ठेवते. फाईली उतरवल्या तर १, प्रतीत जादा फाईली सापडल्या तर २, न जुळणारे काही असेल तर ४, काही उतरवता आले नाही तर ८, आणि काम मुळातच फसले तर १६. एकाहून अधिक गोष्टी घडल्या तर बेरीज. ३ आले तर १ आणि २, ९ आले तर १ आणि ८. दोनाच्या घातांची बेरीज असल्याने उकल एकाच प्रकारे होते, आणि ८ पेक्षा लहान संख्या म्हणजे काळजीचे कारण नाही. सरांच्या एका विद्यार्थिनीने त्यांना चार ओळींची फाईल लिहून दिली. संख्या ८ किंवा त्याहून मोठी आली की संगणक तीन वेळा मोठ्याने वाजतो. लाल पट्टीची जागा अखेर आवाजाने घेतली.

प्रत खरी आहे कशावरून?

फाईल उतरली म्हणजे जशीच्या तशी उतरली असे नाही. जुन्या पद्धतीत गुणाकार पडताळायला आपण अंकांची बेरीज करून नवाने भागून बाकी पाहत असू. संगणकही असेच करतो. पूर्ण फाईलमधल्या आकड्यांवरून एक छोटी संख्या काढतो, आणि मूळ व प्रत यांच्या संख्या जुळतात का पाहतो. नवाच्या बाकीत एक उणीव आहे, २७ चे ७२ झाले तरी तिला पत्ता लागत नाही. म्हणून संगणकात बरीच कडक पद्धत वापरतात. तिचे उत्तर ६४ चिन्हांचे असते. दोन डिस्कांवरची ६४-६४ चिन्हे कानाने ऐकून जुळवणे ही मात्र शिक्षाच! त्याऐवजी डॉसच्या काळापासूनची एफसी ही आज्ञा बरी. ती दोन फाईली स्वतःच ताडून पाहते आणि जुळल्या तर एका वाक्यात सांगते की फरक आढळला नाही.

मात्र हे सगळे जुळूनही प्रत निरुपयोगी असू शकते. सरांच्या डिस्कवर जुन्या सहकाऱ्यांकडून आलेल्या मराठी फाईली होत्या, युनिकोड सर्वत्र रुळण्याआधीच्या काळातल्या. तेव्हा प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, आणि त्यात रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले. छापून आलेला कागद सुरेख मराठी. पण पडदावाचक आकार पाहत नाही, क्रमांक पाहतो. त्याला तिथे रोमन अक्षरांचा कालवाच ऐकू येतो. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५ आहे आणि तो फाँट कोणताही असो, 'क' च राहतो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी युनिकोडमध्ये आहे, आपण मात्र ते वापरायला पुष्कळ उशीर केला. तुमच्या शाळेत अशा जुन्या फाईली असतील, आणि असतीलच, तर त्या युनिकोडमध्ये बदलून ठेवणे हेही राखीव प्रतीचेच काम आहे. स्कॅन केलेल्या कागदांचेही तसेच. ते नुसते फोटो असतात.

उलटा प्रवास

राखीव प्रतीची खरी वेळ येते ती संगणक बंद पडल्यावर, आणि नेमका तेव्हाच संगणक मुका असतो. पूर्ण डिस्कची एकगठ्ठा प्रत घेणारी सॉफ्टवेअरे आहेत. ती परत बसवायला संगणक एका वेगळ्या, छोट्या विंडोजवर सुरू करावा लागतो. वर्षानुवर्षे या छोट्या विंडोजमध्ये आवाजाची सोयच नसे. कुठे आहोत, काय विचारले आहे, काही कळत नाही, आणि एक चुकीची कळ पूर्ण डिस्क पुसू शकते. विंडोज १० च्या काळात दुरुस्तीच्या पडद्यावर नॅरेटर आला हे खरे, पण इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरांत असे असेलच असे नाही. म्हणून नुसत्या लिखाणासाठी साधी, उघडीवाघडी प्रत आम्ही श्रेष्ठ मानतो. कोणत्याही संगणकाला डिस्क जोडावी आणि फाईल उघडावी, खास सॉफ्टवेअर लागू नये.

पण त्या परक्या संगणकावर पडदावाचक कुठून आणायचा? एनव्हीडीएमध्ये त्याची सोय आहे. त्याच्या साधनांच्या यादीतून त्याची सुटी प्रत पेनड्राइव्हवर बनवता येते. ती कोणत्याही विंडोज संगणकावर न बसवता चालते, आणि आपली मांडणी, आवाजाचा वेग, उच्चारांचा शब्दकोशही तिच्याबरोबर नेता येतो. सरांनी ही प्रत दोन्ही डिस्कांवर ठेवली आहे. फाईली आणि त्या वाचणारा आवाज, दोन्ही एकाच जागी.

प्रती किती आणि कुठे, याबद्दल पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला '३-२-१' चा नियम प्रसिद्ध आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत आग आणि चोरीसाठी. जोडलेली नसलेली प्रत विषाणूंसाठी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतल्या संगणकांमधल्या फाईली कुलूपबंद केल्या. असे प्रोग्राम जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाईलीही सोडत नाहीत. इंटरनेटवर फाईली ठेवण्याच्या सोयी घराबाहेरच्या प्रतीसाठी चालतात, पण त्या बहुधा मुळाशी जुळवून घेत राहतात. इथे फाईल पुसली की काही दिवसांनी तिथूनही जाते, हे ध्यानात ठेवावे. सरांची दोन गाठींची डिस्क शाळेत, त्यांच्या कपाटात असते. एक गाठीची घरी.

त्या सात महिन्यांचे काय झाले, असे वाचक विचारतील. टिपणांचा बराच भाग परत मिळाला, पण कोणत्याही डिस्कवरून नाही. सर मुलांना टिपणे पेनड्राइव्हवर देत असत. त्यांनी वर्गात सांगितले, आणि दोन आठवड्यांत मुलांनी, काही माजी विद्यार्थ्यांनीही, घरच्या संगणकांवरून शोधून एकेक फाईल आणून दिली. काहींत मुलांनी मध्येच आपली चित्रे घातली होती, एका फाईलीत कोणीतरी पानिपताच्या टिपणाखाली क्रिकेटचा धावफलक लिहून ठेवला होता. तो सरांनी काढला नाही. मुलांना न दिलेले मात्र गेले. गावातल्या एका आजींनी सांगितलेल्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी, सुमारे चाळीस पाने, त्याच सात महिन्यांत उतरवलेल्या होत्या. आजी आता नाहीत.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर सर संगणकाच्या खोलीत बसतात. दोन गाठींची डिस्क तिथल्या संगणकाला जोडतात, तिच्यावरचाच एनव्हीडीए सुरू करतात आणि एखाद्या मुलाला एक आकडा सांगायला लावतात. यादीत खाली जाण्याची कळ तितक्या वेळा दाबायची, जी फाईल येईल ती उघडायची आणि पहिला परिच्छेद ऐकायचा. मागच्या खेपेला आम्ही तिथे होतो. मुलाने ३१ सांगितले, आणि खोलीत त्या यंत्रमानवी आवाजात इयत्ता सातवीच्या वर्गाची हजेरी सुरू झाली.